पूल हलायलाच हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातला नव्या पुलावरचा पानभर लेख सकाळी वाचला, संध्याकाळी पुन्हा वाचला, आणि रात्रभर त्यातले एकच वाक्य डोक्यात घोळत राहिले : ‘शंभर वर्षे हा पूल जागचा तसूभरही हलणार नाही.’ तेही चौकटीत, ठळक टायपात. मी २९ वर्षे पुलांच्या तपासणीचे काम केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो, जो पूल तसूभरही हलत नाही, तो आजारी असतो. पुलाला हलता यावे म्हणून तर बांधणारे जिवाचे रान करतात.

पोलाद उन्हाने वाढते. ५० मीटरचा पोलादी गाळा (दोन खांबांमधला पुलाचा भाग) थंडीतल्या पहाटेपासून उन्हाळ्यातल्या दुपारपर्यंत ३० अंशांनी तापला, तर तो सुमारे १८ मिलिमीटरने लांब होतो. काँक्रीटही जवळपास तसेच वागते. या वाढीला वाट मिळाली नाही की गर्डर, म्हणजे रस्ता पेलणारी मोठी तुळई, खांबाला रेटू लागतो, आणि त्या रेट्यापुढे दगड, काँक्रीट काही टिकत नाही. म्हणून गर्डरचे एक टोक पक्के बसवतात, दुसरे सरकत्या बेअरिंगवर, म्हणजे खांब आणि गर्डर यांच्यामधल्या सरकू देणाऱ्या आधारावर, ठेवतात आणि वर रस्त्यात फट सोडतात. गाडी जाताना जो खाडकन आवाज येतो, तो या फटीतल्या जोडाचा. तुमच्या लेखात खांबांची उंची आहे, दिव्यांचे रंग आहेत, उद्घाटनाला कोण कोण होते तेही आहे. बेअरिंग हा शब्द एकदाही नाही.

जपानच्या आकाशी काइक्यो पुलाचा मधला गाळा आराखड्यात १९९० मीटरचा होता. काम चालू असताना १९९५ मध्ये कोबेचा भूकंप झाला आणि दोन मनोऱ्यांमधले अंतर जवळपास मीटरभराने वाढले. अभियंत्यांनी पुढचे काम नव्या मापाने बेतले. १९९८ साली पूल खुला झाला तेव्हा गाळा १९९१ मीटरचा होता. जमीनच हलते, तिथे पूल कुठला अचल राहायला?

एक प्रसंग लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. पुलाचे नाव, गावाचे नाव लिहीत नाही. त्यातली माणसे अजून हयात आहेत.

जुना पोलादी पूल, पाच गाळ्यांचा, प्रत्येक गाळा ५० मीटरचा. जानेवारीतल्या एका पहाटे मी खांबांच्या माथ्यावर आडवा होऊन प्रत्येक सरकत्या बेअरिंगवर पांढऱ्या रंगाने दोन रेघा मारल्या. एक वरच्या पट्टीवर, एक खालच्या, बरोबर समोरासमोर. मे महिन्यात भर दुपारी परत गेलो. गर्डर हाताला चटके देत होता. चार ठिकाणी रेघा एकमेकींपासून पंधरा-सोळा मिलिमीटर सरकलेल्या होत्या. तिसऱ्या खांबावर मात्र दोन्ही रेघा जशाच्या तशा समोरासमोर. टॉर्च लावून पाहिले. रोलरच्या खाली माती, कबुतरांची घाण आणि गंज यांचा थर दगडासारखा घट्ट बसला होता. जानेवारीत मला ती नुसती धूळ वाटली होती. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक त्यात जाईना. एका कोपऱ्यात बोटभर उंचीचे पिंपळाचे रोप होते.

वर रस्त्यावर गेलो तेव्हा कारण कळले. त्या पुलावर दर काही वर्षांनी डांबरीकरण व्हायचे आणि डांबर पसरणारा पेव्हर या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता फिरायचा. जोडाची फट डांबराने गच्च भरलेली. कठड्यालगतची पाणी जायची भोकेही बुजवलेली. पावसाचे पाणी मग रस्त्यावरून वाहत यायचे, त्या जोडापाशी साचायचे आणि बारीक भेगांतून नेमके बेअरिंगवर ठिबकायचे. वरचा रस्ता गुळगुळीत होत गेला तसतसे खाली बेअरिंग मरत गेले.

मी अहवाल लिहिला, फोटो जोडले. काम चार दिवसांचे होते : डांबर कापून फट मोकळी करायची, भोके उघडायची, बेअरिंग साफ करून ग्रीस भरायचे. वरिष्ठांनी चार पाने उलटली आणि म्हणाले, ‘‘अहो, पूल पडलाय का? रस्ता किती छान झालाय! लोक सांगतात, आता धक्का बसत नाही.’’ फाइलवर शेरा आला : ‘पाहिले.’ मी दुसऱ्या वर्षी पुन्हा लिहिले. पुन्हा ‘पाहिले.’

तिसऱ्या उन्हाळ्यात त्या बेअरिंगखालचा ओटा तिरका तडकला. खांबाच्या माथ्याचा एक तुकडा नदीत पडला आणि पूल सात महिने सगळ्या वाहनांना बंद झाला. पलीकडच्या गावांना ४० किलोमीटरचा वळसा. त्याच काळात एका रात्री मी पुलाच्या तोंडाशी असताना एक रुग्णवाहिका आडव्या लावलेल्या लोखंडी खांबांपाशी येऊन थांबली. आतल्या बाईला स्ट्रेचरवरून चार माणसांनी अडीचशे मीटर पायी पलीकडे नेले. तिची आई सलाइनची बाटली डोक्याच्या वर धरून शेजारून धावत होती. अंधारात मला ती बाटली तेवढी दिसत होती. तुमच्या लेखात पुलाचा फायदा सांगताना ‘प्रवासाची वीस मिनिटे वाचणार’ एवढे एकच वाक्य आहे. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर ती बाटली आली.

हे माझ्याच नशिबी आलेले दुखणे नाही. अमेरिकेत कनेटिकटमधल्या मायेनस नदीवरच्या पुलाचा एक गाळा २८ जून १९८३ च्या पहाटे खाली कोसळला. तीन माणसे गेली. चौकशीत निघाले काय, तर दहा वर्षांपूर्वी रस्ता नवा करताना पाणी जायच्या वाटा बुजवल्या होत्या. गाळा तोलून धरणाऱ्या पिनांपाशी गंज साचत गेला, फुगत गेला आणि त्या गंजानेच लोखंडी पट्टी पिनेवरून बाहेर ढकलली. त्याआधी १९६७ मध्ये ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज पडला होता, ४६ माणसे घेऊन. तिथे एका कडीत चीर होती, जेमतेम अडीच मिलिमीटर खोल. त्यानंतर कुठे त्या देशात पुलांच्या नियमित तपासणीचे देशव्यापी नियम झाले. पूल कसा बांधला हे लिहिताना त्याला जपतो कोण, जपतात कसे, याला एक परिच्छेद द्यायला हवा होता.

लेखाच्या शेवटी पुलाला जोडून असलेल्या बोगद्यावर दोन ओळी आहेत. तिथेही ‘अचल खडक’ आहेच. सुरुंग उडाला, मलबा निघाला की खडक त्या पोकळीकडे दबू लागतो. म्हणून लागलीच शॉटक्रीटचा, म्हणजे फवारलेल्या काँक्रीटचा, थर मारतात, खडकात रॉक बोल्ट, म्हणजे लांब पोलादी सळ्या, ठोकतात आणि भिंतींत खुंट्या बसवून त्यांच्यातले अंतर मोजत राहतात. अंतर रोज थोडे थोडे घटते. घट कमी होत गेली तर बोगदा स्थिरावतो आहे. एकदम वाढली तर काम सोडून सगळ्यांनी बाहेर यायचे. स्वित्झर्लंडचा ५७ किलोमीटरचा गोटहार्ड बोगदा, २०१६ साली खुला झाला तो, खोदताना सेद्रुनच्या भागात खडक इतका दाबत होता की तिथे बोगदा मुद्दाम मोठा खोदून दाबाबरोबर आत सरकतील अशा पोलादी कमानी बसवल्या. खडकाला थोडे सरकू दिले म्हणून तो बोगदा टिकला. आणि खडकाचा, मातीचा भरवसा नसतो हे तुमच्या वाचकांना वेगळे का सांगायला हवे? नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडातल्या सिल्क्याराच्या बोगद्यात ४१ कामगार १७ दिवस अडकले होते. यंत्र मोडल्यावर शेवटचे काही मीटर माणसांनी हाताने खोदले, तेव्हा ते बाहेर आले. त्या दिवसांत आपण सगळे श्वास रोखून बातम्या पाहत होतो.

पायाबद्दल लेखात तीन शब्द आहेत : ‘पाया भक्कम आहे.’ न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे पाये घालताना माणसे नदीच्या तळाशी, उलट्या ठेवलेल्या प्रचंड लाकडी पेटीत, दाबाच्या हवेत गाळ उपसत होती. त्या हवेतून झटकन वर आल्याने कित्येकांचे सांधे, कंबर गेली, काही दगावले. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंगही त्याच आजाराने अंथरुणाला खिळला. पुढची अकराएक वर्षे त्याची पत्नी एमिली त्याच्या सूचना घेऊन कामावर जात राहिली, तेव्हा १८८३ साली पूल उभा राहिला. पाया पाण्याखाली असतो, फोटोत येत नाही, म्हणून त्याची तीन शब्दांत बोळवण करू नये.

आणखी एक. फोटोखाली ‘भव्य झुलता पूल’ असे छापले आहे. तो झुलता पूल नाही. झुलत्या पुलात मुख्य केबल मनोऱ्यांवरून ओढून दोन्ही काठांवर अजस्र वजनात रोवलेली असते आणि तिच्यावरून सोडलेल्या उभ्या दोरांनी रस्ता धरलेला असतो. तुमच्या फोटोत मनोऱ्यापासून निघालेल्या तिरक्या केबल थेट रस्त्याला भिडल्या आहेत. त्याला केबल-स्टेड म्हणतात. शाळेतली मुले तुमच्या पानांची कात्रणे वहीत चिकटवतात, निदान त्यांच्यासाठी ओळ दुरुस्त करून छापा.

माझे मागचे पत्र आपण छापलेत, त्याबद्दल आभारी आहे. पण त्यात ‘१२ मिलिमीटर’चे ‘१२ सेंटिमीटर’ झाले होते. त्यावरून जुन्या सहकाऱ्यांचे तीन फोन आले आणि मला फार वाईट वाटले. दुरुस्ती कळवली होती, ती अजून आलेली नाही. हे पत्र घेतलेत तर छापण्याआधी आकडे आणि एकके एकदा मूळ पत्राशी ताडून पाहावीत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त पूल-निरीक्षक