अंध मुलांच्या हातातली ब्रेल पाटी काढू नका

महोदय,

बोटांनी वाचायची उठावाच्या ठिपक्यांची लिपी देणाऱ्या लुई ब्रेल यांची जयंती दरवर्षी ४ जानेवारीला होते. हार, भाषणे, फोटो सगळे होते. मुलांना ब्रेल येते का, हे मात्र कुणी विचारत नाही. अंध मुलांच्या निवासी शाळेत मी आधी शिक्षिका आणि नंतर मुख्याध्यापिका होते. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर जाऊन, ‘पोरीला दिसत नाही, शिकून काय करणार?’ म्हणणाऱ्या आईबापांची समजूत काढण्यात माझी निम्मी नोकरी गेली. म्हणून हे लिहिते आहे.

हल्ली शाळाशाळांतून ऐकू येते, ‘मोबाइल वाचून दाखवतो, आता ब्रेल कशाला?’ माझ्याकडे आठवीतली एक अंध मुलगी शिकायला येते. घराजवळच्या साध्या शाळेत जाते. चुणचुणीत आहे, इतिहास तोंडपाठ. पण स्वतःच्या हाताने लिहिलेली एक ओळ तिच्याकडे नाही. परीक्षेला लेखनिक लिहितो, घरी भाऊ. ‘पाणी’तल्या णीची वेलांटी पहिली की दुसरी, हे तिला सांगता येईना. कसे येणार? नुसते ऐकून ते कळत नाही. ब्रेलमध्ये अक्षर सहा ठिपक्यांच्या चौकटीत बसते; इ म्हणजे त्यातले २ आणि ४ क्रमांकाचे ठिपके, ई म्हणजे ३ आणि ५. बोटाला फरक लगेच लागतो. गणिताची तर दशाच आहे. लांबलचक अपूर्णांक कानाने किती वेळ धरून ठेवायचा? तिने गणित कधीच सोडून दिले आहे.

मोबाइल हवाच. माझे कितीतरी माजी विद्यार्थी त्याच्या जोरावर नोकऱ्या करतात. पण ते आधी ब्रेल शिकलेले आहेत. डोळस मुलाच्या हातात मोबाइल आला म्हणून आपण त्याची वही-पेन्सिल काढून घेतो का?

ब्रेल शिकवायला वेळ लागतो, हे खरे. पाटीत कागद अडकवून उजवीकडून डावीकडे ठिपके टोचायचे, कागद उलटून डावीकडून वाचायचे. लहान मुलाच्या शेजारी रोज बसावे लागते. आमच्या शाळेत हे सर्वांत छान शिकवणारे सर स्वतः अंध होते. मुलाच्या बोटावर आपले बोट ठेवून म्हणायचे, ‘दाबू नको रे, नुसतं फिरव.’ आठवड्यातून एखाद्या दिवशी शाळेत डोकावणाऱ्या फिरत्या शिक्षकाला हे कसे जमावे?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम १७ स्पष्ट आहे. ब्रेल जाणणारे शिक्षक नेमा, त्यांत दिव्यांग शिक्षकही घ्या, १८ वर्षांपर्यंत पुस्तके आणि साधने मोफत द्या. शिक्षण विभागाने जिल्ह्यातल्या साध्या शाळांत शिकणाऱ्या अंध मुलांपैकी किती जणांना ब्रेल वाचता-लिहिता येते, याची पाहणी करून आकडे जाहीर करावेत. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी जूनपासून रोजचा तास सुरू करावा, आणि तो घ्यायला ब्रेलवर हात बसलेल्या अंध शिक्षकांना आधी बोलवावे.

– एक निवृत्त मुख्याध्यापिका, इंदिरानगर, नाशिक