सिगरेट सोडणाऱ्याच्या आसपासच्या माणसांसाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी ३१ मे जवळ आला, की जागतिक तंबाखूविरोधी दिनानिमित्त आपल्या अंकात सिगरेट सोडण्यावर लेख येतात. कित्येक वर्षं ते मी सिगरेट ओढत ओढत वाचले. आता १४ महिने झाले, सिगरेटला हात लावलेला नाही. हे सगळे लेख ओढणाऱ्याला उद्देशून असतात आणि ‘मनाशी ठाम निश्चय करा’ हे वाक्य त्यांत हमखास येतं. माझी एक विनंती आहे. एखादा लेख त्याच्या घरच्यांसाठी आणि कामावरच्या सोबत्यांसाठीही छापा. माझा निश्चय आधीही ठामच होता. या वेळी सुटली, ती तीन माणसांनी उचलून धरलं म्हणून.

मी यंत्रांचे सुटे भाग तपासतो. मायक्रोमीटरने माप घ्यायचं, वहीत लिहायचं, पुढचा नग उचलायचा. २१व्या वर्षी सिगरेट धरली, ती ४७व्या वर्षापर्यंत. दिवसाला १५.

सोडायचा पहिला प्रयत्न कमी करत करत केला. १५वरून १०, १०वरून ६, मग ४. चारवर आलो आणि दिवसभर डोक्यात दुसरं काही उरेना. पुढची किती वाजता, तिला अजून किती वेळ आहे, याचाच हिशेब. पूर्वी नकळत ओढायचो, आता एकेका सिगरेटची वाट बघायला लागलो. महिन्याभरात आकडा पुन्हा १५वर गेला.

दुसऱ्यांदा एका झटक्यात सोडली. कोणाला सांगितलं नाही. जमलं नाही तर लाज नको, म्हणून. १९ दिवस निघाले. कामावरच्यांच्या लक्षात आलं होतं, पण कोणी बोललं नव्हतं. विसाव्या दिवशी एका अंत्यविधीनंतर कोणीतरी पाकीट पुढे केलं आणि मी त्यातली एक घेतली. एकच. दुसऱ्या दिवशी कामावर ही गोष्ट पोचली होती. एक जण सगळ्यांसमोर म्हणाला, “वाटलंच होतं.” त्या संध्याकाळी मी नवं पाकीट विकत घेतलं. ते घेणारा हात माझाच होता, दोष त्या माणसावर टाकायचा नाही. पण त्यानंतर तीन वर्षं मी सोडायचं नावसुद्धा काढलं नाही, हेही खरं आहे. आज मला कळतं, की १९ दिवसांनंतरची ती एक सिगरेट म्हणजे पाय घसरणं होतं. कोणी नुसतं “१९ दिवस काढलेस की! उद्यापासून पुन्हा सुरू कर” म्हणालं असतं, तर ती तीन वर्षं वाचली असती.

तिसऱ्या वेळी आधी माणसं गाठली. बायको, माझी ताई आणि कामावर शेजारच्या बाकावर बसणारे ज्येष्ठ सहकारी. त्यांना आम्ही सगळे मास्तर म्हणतो. मास्तर स्वतः सिगरेट ओढायचे, तरी त्यांना सांगितलं. तिघांनाही तारीख सांगितली आणि त्यांनी काय करायचं नाही, तेही सांगितलं. ‘ओढली नाहीस ना?’ असं विचारायचं नाही, खिसे तपासायचे नाहीत, भाषण द्यायचं नाही. रविवारी रात्री उरलेल्या सिगरेटी पाण्यात बुडवून टाकल्या, लायटर देऊन टाकला.

ज्यांनी कधी ओढली नाही, त्यांना पहिल्या आठवड्यात काय होतं याची कल्पना नसते. रक्तातलं निकोटीन साधारण दर दोन तासांनी निम्मं होत जातं. पहिले दोन-तीन दिवस शरीर ते मागत सुटतं. झोप उडते, डोकं जड होतं, कशात लक्ष लागत नाही, साध्या गोष्टीवर राग येतो. नंतर हा त्रास हळूहळू उतरतो, तरी दोन-चार आठवडे जातातच. माझ्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मी कुठल्या लेखात वाचली नव्हती. सिगरेटच्या धुरामुळे यकृत कॅफीनचा निचरा लवकर करतं. धूर बंद झाला, की तेवढ्याच चहा-कॉफीतलं कॅफीन रक्तात जास्त वेळ राहतं आणि धडधड वाढते. आपल्याला वाटतं, हा सिगरेट सोडल्याचाच त्रास. मी चहा निम्मा केला आणि झोप सुधारली. काही औषधांचंही असंच होतं. म्हणून ज्यांची कायमची औषधं चालू आहेत त्यांनी, विशेषतः मानसिक आजारांवरच्या काही गोळ्या असतील तर, सिगरेट सोडतोय हे डॉक्टरांना आधी जरूर सांगावं.

तिसऱ्या दिवशी मी २४.८६ माप वहीत २४.६८ लिहिलं. मास्तर नग घेऊन आले, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, “हा एकदा परत बघ.” एवढंच. पुढे दोन-अडीच आठवड्यांनी जुनी पानं चाळताना मला दिसलं, की माझ्या प्रत्येक मापाशेजारी समासात पेन्सिलचा एक बारीक ठिपका आहे. ते सगळे दिवस मास्तर माझा एकेक नग पुन्हा मोजत होते. वरिष्ठांना पत्ता नव्हता, मलाही नव्हता. ते पान उघडं ठेवून मी बराच वेळ बसून राहिलो. स्वतःची सिगरेट ओढायला ते लांब जायचे आणि हात-तोंड धुऊनच बाकावर परत यायचे, हेही मला तेव्हाच उमगलं.

ताईचा आधार लागायचा तो रात्री. जेवण झाल्यावर तलफ यायची ती सगळ्यात वाईट. हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे जायचा. तलफ काही मिनिटांचीच असते म्हणतात आणि ते खरं आहे, पण ती मिनिटं एकट्याने काढायची म्हणजे जीव कासावीस होतो. पाचव्या रात्री चपला घालून दाराबाहेर पडलो होतो. जिन्यातूनच ताईला फोन लावला. ती म्हणाली, “फोन ठेवू नकोस. मी भांडी घासतेय, तू नुसता ऐक.” मी जिन्याच्या पायरीवर बसलो. पलीकडून नळाचं पाणी, ताटावर ताट ठेवल्याचा आवाज. मधेच म्हणाली, “आता कढई राहिली फक्त.” कढई झाली, नळ बंद झाला आणि माझ्या लक्षात आलं, की तलफ ओसरली आहे. मी घरात परत आलो. सिगरेट हा शब्द त्या सगळ्या बोलण्यात एकदाही आला नाही.

बायकोने माझं फटकन बोलणं ऐकून घेतलं, पण तिने मर्यादाही घातली. “चिडचिड तलफेची आहे, कळतंय मला. पण मुलावर ओरडायचं नाही.” हे मला फार मोलाचं वाटतं. आधार देणाऱ्याने सगळं मुकाट सोसायचं असतं, असं कुठे आहे?

हा माझ्या एकट्याचा अनुभव म्हणून सोडून देऊ नये. २०१६ मध्ये इंग्लंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ६९७ जणांपैकी निम्म्यांना एका ठरल्या दिवशी एकदम सोडायला सांगितलं, निम्म्यांना दोन आठवड्यांत कमी करत सोडायला. चार आठवड्यांनी एकदम सोडणाऱ्यांतले ४९ टक्के टिकले होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. सहा महिन्यांनी हेच आकडे २२ आणि १५.५ टक्के होते. ‘झटक्यात सोडा’ म्हणणारे यातला पहिला भाग सांगतात. पण दोन्ही गटांना नर्सचा आधार आणि अंगाला चिकटवायच्या निकोटीनच्या पट्ट्या मिळत होत्या, हे सांगायचं राहून जातं. एवढं असूनही सहा महिन्यांनी पाचांपैकी साधारण चौघांची सुटलेली नव्हती. ते सगळे काय कच्च्या मनाचे होते? सवय तेवढी चिवट आहे. मी पट्टी वापरली नाही, पण जो वापरतो त्याला कोणी कमी लेखू नये.

अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम इथल्या १२,०६७ लोकांच्या १९७१ ते २००३ या काळातल्या नोंदींवरून २००८ साली एक निष्कर्ष मांडला गेला. नवरा-बायकोपैकी एकाने सोडली, तर दुसऱ्याच्या ओढण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी होते. मित्राने सोडली तर ३६ टक्क्यांनी, छोट्या कंपनीतल्या सहकाऱ्याने सोडली तर ३४ टक्क्यांनी. लोक एकेकटे सोडत नव्हते, ओळखीपाळखीतले गटच्या गट सोडत होते. मी हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमचा बाक आला.

मास्तर आता ५९ वर्षांचे आहेत. ‘या वयात सोडून काय मिळणार’ हे त्यांचं नेहमीचं उत्तर. ब्रिटिश डॉक्टरांवर १९५१ पासून ५० वर्षं चाललेल्या पाहणीतला आकडा मी त्यांना एकदाच सांगितला होता, की साठाव्या वर्षी सोडणाऱ्यालाही आयुष्याची सरासरी तीन वर्षं जास्त मिळतात. त्यावर ते काही बोलले नाहीत, मीही विषय वाढवला नाही.

मागच्या महिन्यात एका सोमवारी सकाळी त्यांनी स्वतःची वही माझ्या बाकावर आणून ठेवली. वर एक पेन्सिल होती. म्हणाले, “आजपासून माझी मापं तू बघ.” आज २३वा दिवस. समासातले ठिपके मी देतो आहे. त्यांची दोन मापं चुकली होती, ती त्यांना दाखवली, त्यांनी दुरुस्त केली.

आपला,
एक नियमित वाचक