रविवारच्या वर्गातल्या दादा-ताईंना जाहीर पत्र

प्रिय दादा आणि ताईंनो,

सप्रेम नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या गावात, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, तुम्ही आठवी ते दहावीच्या मुलांचे प्रयोगांचे आणि डावपेचांचे रविवारचे वर्ग घेतलेत. फी नाही, बॅनर नाही, समारोपाला हारतुरे नाहीत. समोर येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही हात जोडता आणि विषय बदलता. म्हणून आम्ही पालकांनी हे पत्र सगळ्यांसमोर लिहायचं ठरवलं.

आधी मुलांनी हाताने बनवलेल्या विजेच्या मोटरबद्दल, कारण मनातून जात नाही ती तीच.

साहित्य साधं होतं: टॉर्चचा मोठा सेल, सायकलच्या ट्यूबमधून कापलेला रबरी पट्टा, दोन सेफ्टी पिना, बंद पडलेल्या स्पीकरचं चुंबक आणि मोटर वाइंडिंगवाल्याकडून आणलेली २४ गेजची तार, सव्वा मीटर. सेलभोवतीच तारेचे दहा वेढे घ्यायचे, वेटोळं सोडवून दोन्ही टोकं समोरासमोर सरळ काढायची आणि रबराने सेलला बांधलेल्या पिनांच्या कड्यांत ठेवायची. खाली सेलवर चुंबक. एवढंच. पण चूक व्हायला इतक्यात भरपूर जागा आहे. या तारेवरचं एनॅमल, म्हणजे वीज अडवणारा लेप, तांब्याच्याच रंगाचं असतं, त्यामुळे न खरवडलेली तार खरवडल्यासारखी दिसते आणि मूल बिचारं सेल बदलत बसतं. टोकं एका रेषेत नसतील तर वेटोळं लंगडतं. आणि खरी मेख पुढे आहे. एक टोक पूर्ण खरवडायचं, दुसरं फक्त अर्ध्या बाजूने. पूर्ण खरवडलं तर अर्ध्या फेरीनंतर तेच बल वेटोळ्याला मागे ओढतं. ते पुढे-मागे झुलतं आणि थांबतं. अर्धवट खरवडलं की त्या नकोशा अर्ध्या फेरीत प्रवाहच बंद होतो आणि वेटोळं स्वतःच्या वेगानेच पुढे जातं. तेही वेटोळं उभं धरून टोकाची वरची बाजू खरवडली तरच. वेटोळं टेबलावर आडवं ठेवून खरवडलं, तर प्रवाह नेमका चुकीच्या वेळी सुरू होतो आणि मोटर फिरत नाही.

नववीतल्या एका मुलीची मोटर नुसती झुलत होती. आजूबाजूच्यांच्या फिरायला लागल्या होत्या. तिचे डोळे भरले होते, आणि टेबलाशी उभ्या असलेल्या ताईला चूक पहिल्याच नजरेत कळलेली होती. दोन्ही टोकं पूर्ण खरवडलेली होती. ताईने काय केलं? दोन्ही हात पाठीमागे बांधले. "कुठे आली की परत फिरते, ते बघ," एवढं म्हणाली आणि तशीच उभी राहिली. बराच वेळ. मधे एकदा बोट पुढे येऊ लागलं, तेही तिने मागे घेतलं. मुलीने वेटोळं बोटाने हळूहळू फिरवलं, पिनेशी तार कुठे टेकते ते पाहिलं, वहीत चित्र काढलं. मग शेजारच्या मैत्रिणीकडून नेलपॉलिश मागून घेतलं, एका टोकाच्या अर्ध्या बाजूला लावलं आणि वाळेपर्यंत फुंकत बसली. मोटर फिरली.

ताई, ते मागे बांधलेले हात आम्ही विसरणार नाही. ज्याला येतं त्याला हात आवरणं किती जड जातं, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शिवाय उपाय तिचा होता. नव्याने तार कापून दिली असती तर मोटर लवकर फिरली असती, पण ती त्या मुलीची राहिली नसती.

हे इतकं मनाला का लागलं, तेही सांगतो. तुमच्याआधी या मुलांसाठी पैसे भरून एक वर्ग झाला होता. संस्थेचं नाव लिहीत नाही. बंद डब्यातले तयार रोबोट आले, प्रत्येकाने एकेकदा बटण दाबलं, सोनेरी काठाची प्रमाणपत्रं वाटली गेली, फोटो निघाले, डबे परत गेले. एका मुलाने आत काय आहे असं विचारलं, तर "उघडायचं नाही, वॉरंटी जाते" असं उत्तर मिळालं. आणि शाळेची प्रयोगशाळा म्हणाल, तर मल्टिमीटर (व्होल्टेज, प्रवाह मोजायचं यंत्र) प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट कपाटात आणि कपाटाला कुलूप. खराब होईल म्हणून वस्तू जपल्या गेल्या, आणि त्या वस्तू ज्यांच्यासाठी आणल्या होत्या ती मुलं एकामागून एक दहावी होऊन गेली. याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो लपवायचीही इच्छा नाही.

तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी मल्टिमीटर मुलांच्या हातात दिलात. प्रवाह मोजायच्या दहा अँपिअरच्या खोबणीत तार ठेवून व्होल्टेज मोजायला गेलं तर काय होतं, हे आधी सांगितलंत आणि मग बाजूला झालात. अडकलेलं वेटोळं सेलवर तसंच ठेवलं तर पिना का तापतात, हेही मुलांनी गणित करून काढलं. सव्वा मीटर तारेचा रोध ओहमच्या दहाव्या भागाहूनही कमी, म्हणजे सेल जवळजवळ शॉर्टच.

लंबकाच्या तासाला नटबोल्टमधला एक नट आणि दोरा, इतकंच साहित्य होतं. झोक्यांच्या वेळेवरून गुरुत्वप्रवेग, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते, काढायचं होतं. एका गटाला तो ९.८ ऐवजी १०.९ च्या आसपास मिळाला. तुम्ही आकडा खोडला नाहीत, त्या गटाला पुन्हा मोजू दिलंत. मुलं नट सोडताना "एक" म्हणत होती, "शून्य" म्हणत नव्हती. त्यामुळे १९ झोके २० म्हणून धरले जात होते. एक मीटरच्या दोऱ्याला ४० ऐवजी ३८ सेकंद, आणि सूत्रात वेळेचा वर्ग केल्यावर ती चूक दुप्पट. लांबी गाठीपर्यंत मोजायची नसून नटाच्या मध्यापर्यंत मोजायची, हेही त्याच गटाने शोधलं. सीडीच्या वर्णपटदर्शकाचंही, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणाऱ्या डब्याचंही, तसंच. फट दोन कागदांच्या जाडीइतकीच हवी, आणि ती सीडीवरच्या खाचांना समांतर हवी, नाहीतर रंग एकमेकांत मिसळतात. जुन्या ट्यूबलाइटमध्ये हिरवी रेघ वेगळी उठून दिसली आणि एलईडीमध्ये तशी एकही दिसली नाही, तेव्हा हॉलमध्ये जो गलका झाला तो खालच्या वाचकांनी निमूट सहन केला. त्यांचेही आभार.

आणि चिंचोके! डावपेचांचा वर्ग ऐकून आम्हाला वाटलं होतं बुद्धिबळ असेल. तुम्ही २१ चिंचोके मांडलेत. पाळीपाळीने एक, दोन किंवा तीन उचलायचे, शेवटचा उचलेल तो जिंकला. युक्ती सांगायला एक मिनिटही लागलं नसतं: समोरच्यासाठी नेहमी चारच्या पटीत ठेवा, म्हणून पहिल्या खेळीत एक उचला. तुम्ही ती सांगितली नाहीत. मुलांकडून शेवटाकडून मागे येत तक्ता भरून घेतलात: ज्याच्या पाळीला चार उरले तो हरला, आठ उरले तो हरला, बारा उरले तो हरला. कुणी "चार, चार" पाठ करू लागलं की तुम्ही नियम बदललात. चारपर्यंत उचलायची मुभा दिली की पाचचे पट. मग पुन्हा तीनपर्यंतच उचलायचे, पण शेवटचा उचलेल तो हरेल असं ठरवलंत, आणि तेच २१ चिंचोके पहिल्या खेळाडूला सुरुवातीपासूनच बुडवणारे निघाले, कारण आता समोरच्यासाठी १, ५, ९, १३, १७ ठेवायचे असतात आणि २१ त्याच रांगेत बसतात. पाठांतर करणारी मुलं इथे अडली आणि तक्ता करणारी पुढे गेली. मुलांनी हा फरक स्वतः पाहिला. आमच्या मते सबंध वर्गातला सगळ्यात मोलाचा तास तो होता, मोटरच्या तासापेक्षाही.

शेवटी ३, ४ आणि ५ चिंचोक्यांचे तीन ढीग आले, एका पाळीत एकाच ढिगातून हवे तितके उचलायचे. चार्ल्स बूटन या गणितज्ञाने या खेळाची संपूर्ण उकल १९०१ साली मांडली. ती ढिगांचे आकडे द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहून करावी लागते: ०११, १००, १०१. हे आकडे एकाखाली एक मांडून प्रत्येक स्तंभातल्या १ या अंकांची संख्या सम करायची, म्हणजे तिनाच्या ढिगातले दोन उचलायचे. दहावीच्या एका मुलाने विचारलं, "कॉम्प्युटरमध्ये हेच असतं ना?" त्याने द्विमान संख्या परीक्षेसाठी आधी केल्या होत्या. त्या कशाला लागतात हे त्याला तोवर कुणी दाखवलंच नव्हतं.

तुमच्यातले तिघे इंजिनीअरिंगला आहात, तुमच्याही परीक्षा असतात. एक सर निवृत्त आहेत, गुडघे दुखत असताना जिना चढून येत होते. रबरी पट्टे, पिना, तार यांचा खर्च तुम्ही खिशातून केलात आणि हिशेब विचारल्यावर "किरकोळ आहे" म्हणालात. उशीर झाला की मुलींना घरापर्यंत सोडून मगच तुम्ही एसटी पकडलीत. हे कुणी सांगितलेलं नव्हतं. भली माणसं आजूबाजूला असतात, आणि बहुतेक वेळा ती कुणाला दिसेल अशा जागी उभी नसतात. मुलांना ती इतक्या जवळून दिसली, प्रश्नाला न हसणारी आणि स्वतःला न येणाऱ्या गोष्टीला "मला माहीत नाही, बघून सांगतो" म्हणणारी मोठी माणसं दिसली, याचं मोल आम्ही जाणतो.

दिवाळीनंतर पुन्हा याल असं म्हणाला आहात. या वेळी खर्च आमचा. तारेचं रीळ वाइंडिंगवाल्याकडे सांगून ठेवलं आहे, शून्य नंबरचा पॉलिश पेपर आणि पिनांची पाकिटं आणली आहेत, बंद स्पीकर गोळा करायला मुलं आठवडी बाजारातल्या भंगारवाल्याकडे जाऊन आली. सेल किती लागतील ते तेवढं कळवा, आयत्या वेळी गावात चांगले मिळत नाहीत. आणि येताना जेवून येऊ नका.

आपले,
वाचनालयाच्या हॉलमधल्या मुलांचे पालक