नदीकाठाला सौर वाहिनीच हवी

सौर कृषिपंपांचे महत्त्व सांगणारा आपला लेख वाचला. दिवसा वीज हवी, हे अगदी खरे. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला जाणे काय असते, ते आम्हीच जाणतो. मात्र ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेतील ३, ५ आणि ७.५ अश्वशक्तीचे पंप विहिरीला ठीक. पंचगंगेवरून लांबवर पाणी उचलणाऱ्या उपसा योजनांना ते पुरणार नाहीत. शिवाय पूर चढू लागला, की आम्ही मोटार सोडवून ट्रॉलीत घालून घरी आणतो. सौर पंपासाठी शेतात काँक्रीटमध्ये रोवलेले पॅनेल कुठे नेणार? २०१९ आणि २०२१ चे महापूर आम्ही विसरलेलो नाही.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत वीज उपकेंद्राच्या परिसरात सौर प्रकल्प उभारून त्याची वीज कृषी वाहिनीवर, म्हणजे शेतीपंपांना वीज पुरवणाऱ्या लाइनवर (फीडरवर) दिली जाते. पॅनेल उंच माळावर राहतात, मोटार आहे तीच चालते. प्रकल्पासाठी गायरान घेण्यापूर्वी मात्र चराईचा प्रश्न ग्रामसभेत सोडवावा. जनावरेही आमचीच आहेत. कोल्हापूर जिल्ह्यात पूरपट्ट्यातील गावांच्या वाहिन्या प्राधान्याने या योजनेत घ्याव्यात, ही विनंती.

– एक ऊस उत्पादक, प्रयाग चिखली, ता. करवीर