‘लाईनदोरी’ अडाणी शब्द नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांच्या सदरात एका वाचकांनी बोली मराठीतील इंग्रजी शब्दांविषयी लिहिताना गवंड्यांच्या ‘लाईनदोरी’ या शब्दाला अडाणीपणाचा नमुना ठरवले आहे. लाईन म्हणजे रेषा, मग ‘रेषादोरी’ ही काय वस्तू, असा त्यांचा प्रश्न आहे. सांगलीत एकतीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देणे मला माझे कर्तव्य वाटते.

विश्रामबागेत आमच्या घरामागे सध्या कुंपणाची भिंत बांधली जात आहे. मिस्त्री भिंतीच्या दोन टोकांना एकेक वीट मांडतात, तिला दोरीचा वेढा देऊन दोरी ताणतात, बोटाने टिचकी मारून ताण पाहतात आणि मग मधल्या विटा त्या दोरीच्या बेताने लावत जातात. ही दोरी हीच मूळची ‘लाईन’ होय. लॅटिनमध्ये ‘लिनम’ म्हणजे आपण ज्याची चटणी करतो ते जवस, आणि त्याच्या खोडातील धाग्याची दोरी ती ‘लिनिया’. हा शब्द जुन्या इंग्रजीत दोर या अर्थानेच रुळला होता. १०६६ नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंच भाषेतून त्याच लॅटिन शब्दाचे दुसरे रूप इंग्लंडात आले, त्याबरोबर रेषा, ओळ, वंश हे अर्थ आले, आणि कालांतराने दोन्ही शब्द एकमेकांत असे मिसळले की आज ते वेगळे काढता येत नाहीत. म्हणजे रेषा हा नंतरचा अर्थ आहे आणि दोरी हा आधीचा. मिस्त्रींच्या तोंडी या शब्दाचा सर्वांत जुना अर्थ अजून जिवंत आहे.

एकदा हा धागा हाती आला की पुढचे अर्थ आपोआप उलगडतात. कपड्याला आतून जवसाच्या धाग्याचे, म्हणजे लिननचे, कापड लावत, म्हणून शिंप्याचे ‘लायनिंग’. गोलंदाजाची ‘लाईन’ त्याच जवसाची आणि फलंदाज बॅटला चोळतो ते तेलही त्याच जवसाचे, हे क्रिकेट खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना सांगितले की त्यांचे चेहरे उजळत. आपल्या व्यवसायातील ‘डेडलाइन’ मात्र खरोखर जमिनीवरची हद्द होती. अमेरिकेतील यादवी युद्धात, १८६४ साली, अँडरसनव्हिल येथील युद्धकैद्यांच्या छावणीत कुंपणाच्या आत एक बुटका कठडा घातलेला होता आणि तो ओलांडणाऱ्या कैद्यावर पहारेकरी गोळी झाडत. वेळेची मुदत हा त्या शब्दाचा अर्थ पुढे विसाव्या शतकात रूढ झाला.

एका शब्दाचे इतके अर्थ होणे हा भाषेचा ढिसाळपणा आहे, असेही त्या पत्रात सुचवलेले आहे. हे मला मुळीच मान्य नाही, कारण आपल्या ‘सूत’ आणि ‘सूत्र’ या शब्दांनी नेमका हाच प्रवास केलेला आहे. धाग्यापासून गणिताचे सूत्र झाले, नाटकाचा सूत्रधार झाला, एखादा माणूस सुतासारखा सरळ होऊ लागला आणि दोघांचे सूत जुळू लागले. सुतार आजही इंचाच्या आठव्या भागाला ‘सूत’ म्हणतात, तर जुन्या इंग्रजी मापांत इंचाच्या बाराव्या भागाला ‘लाईन’ म्हणत. तैत्तिरीय उपनिषदातही वंशाला ‘प्रजातंतू’ असेच म्हटले आहे. आणि मिरजेच्या सतारमेकर गल्लीत आजही जी वाद्यांवर चढते ती ‘तार’ २०१३ पर्यंत पोस्टातून घरी येत असे. तेव्हा ‘तार आली’ या बोलण्याला कोणी अशुद्ध म्हटले नाही. मग वीज गेल्यावर मराठवाड्यातील माणूस ‘लाईन गेली’ म्हणाला, तर त्याला तरी नावे का ठेवावीत?

रांग, ओळ हे शब्द असताना ‘लाईनीत उभे राहा’ म्हणणे मलाही खटकते आणि मी स्वतः तसे म्हणत नाही. परंतु तो आपल्या सवयीचा प्रश्न आहे. त्यासाठी गवंड्याला अडाणी ठरवण्याचे कारण नाही.

माझ्याच वर्गातील एक गोष्ट या निमित्ताने सांगतो. धड्यात ‘फिशिंग लाईन’ हे शब्द आले होते आणि चाळीसपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी त्याचे भाषांतर ‘मासे पकडण्याची रेषा’ असे केले. चूक मुलांची नव्हती. ‘लाईन म्हणजे रेषा’ एवढेच मी त्यांच्याकडून घोकून घेतले होते, आणि गळाची दोरी डोळ्यांसमोर येण्याची वाट मीच बंद केली होती. कृष्णेच्या घाटावर गळ टाकून बसलेली माणसे रोज पाहणारी ती मुले होती.

म्हणून माझी शिक्षकमित्रांना विनंती आहे की, पाचवी-सहावीच्या वर्गात हा शब्द शिकवताना फळ्यावर रेघ ओढण्यापूर्वी दोन मुलांच्या हाती सुतळीची दोन टोके द्यावीत आणि त्यांना ती ताणून धरायला सांगावे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक,
विश्रामबाग, सांगली