कानबाईची गाणी उतरवून घ्यायला कोणी येईल का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी मुलगी स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेसला नोकरी करते. उन्हाळ्यात तिच्याकडे राहून आले. तिथून जवळच मनलॉकी नावाचं खेडं आहे. गावाबाहेरच्या झाडीत एक झरा आहे आणि भोवतालच्या फांद्या चिंध्यांनी भरून गेल्या आहेत. मोजे, रुमाल, लहान मुलांची झबलीसुद्धा. आजाऱ्याच्या कपड्याचा तुकडा झऱ्यात भिजवून झाडाला बांधायचा. तो कुजत गेला की दुखणंही उतरतं, अशी जुनी समजूत.

मी चाळीसगाव तालुक्यात आरोग्यसेविका होते. चिंधीनं ताप जात नाही, गोळी घ्या, हे सांगण्यातच माझी नोकरी गेली. तरी असल्या समजुती, गाणी आणि कहाण्या स्कॉटलंडच्या लोकांनी किती जीव लावून जपल्यात, ते पाहून मन भरून आलं. एडिंबरा विद्यापीठानं १९५१ साली खास त्यासाठी एक संस्था काढली. कॅलम मॅक्लीन हे तिचे पहिले संग्राहक. त्यांनी आणि नंतरच्यांनी शेतकरी, कोळी, भटके लोक यांच्या घरी, पालांवर जाऊन टेपवर आवाज उतरवले. आज त्यातलं बरंचसं इंटरनेटवर फुकट ऐकता येतं.

स्कॉटलंडच्याच ऑर्कनी बेटांवर ओडिनचा दगड म्हणून एक भोक असलेला उभा दगड होता. त्या भोकातून एकमेकांचा हात धरून जोडपी लग्नाचं वचन देत. बघ्यांचा शेताला त्रास होतो म्हणून तिथली जमीन कसणाऱ्यानं १८१४ साली तो फोडून टाकला. लोक खवळले, म्हणून शेजारचे दगड तरी वाचले. दगड गेला, पण ही रीत लिहून ठेवलेली होती म्हणून आज माझ्यासारखीलाही ती कळते.

आपल्याकडे काय कमी आहे? आमच्या चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ काढला, त्याच्या दानाची ती नोंद. शेवटचा भाग तर जुन्या मराठीत आहे. दगडावरचं वाचायला अभ्यासक आले. पण त्याच डोंगराखालच्या वाड्या-वस्त्यांवर देवीच्या, डोहाच्या, उजाड गढीच्या ज्या गोष्टी मी लसीकरणाच्या फेरीत ऐकल्या, त्या घ्यायला कोणी आलेलं मी पाहिलं नाही. गिरणाकाठच्या एका आजीला आमच्या खानदेशातली देवी कानबाई बसवण्यापासून बोळवण्यापर्यंतची सगळी गाणी पाठ होती. मी म्हटलं, पुन्हा म्हणा ना. तर म्हणाल्या, "आते कोन आयकस वं माय!" त्या गेल्या. सुनांना दोन-चार कडवी येतात, तीही अर्धीमुर्धी.

बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. मुलानं, सोपानदेवांनी त्यांच्या ओव्या उतरवून घेतल्या म्हणून साऱ्या महाराष्ट्राला त्या मिळाल्या. त्यांच्या नावाचं विद्यापीठ जळगावात आहे. तिथल्या मराठी विभागाला आणि आकाशवाणीच्या जळगाव केंद्राला माझी कळकळीची विनंती आहे : आमच्या अहिराणी बोलीतली गाणी आणि कहाण्या गावनिहाय ध्वनिमुद्रित करा. मोठा खर्च लागत नाही. मोबाइल सगळ्यांकडे आहे. सांगणारीची परवानगी घ्यावी, गावाचं आणि ज्या देवळाची, बारवेची, दगडाची ती गोष्ट आहे त्या जागेचं नाव लिहावं. बोली सुधारून प्रमाण मराठी करू नये, एवढं मात्र पाळा. आणि ध्वनिमुद्रण घरात पडून राहू नये, सगळ्यांना ऐकता यावं.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. रात्रभर जागरण असतं, साऱ्या म्हाताऱ्या एका घरात असतात. तेव्हाच विद्यार्थी पाठवा. चाळीसगाव तालुक्यातल्या बऱ्याच घरांत मला अजून ओळखतात. तिथं त्यांना घेऊन जायला मी तयार आहे.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, ता. चाळीसगाव