आमच्या गच्चीवरच्या बाईंना

प्रिय बाई,

सा. न. वि. वि.

गच्चीवर व्यायाम शिकवायची तुम्ही फी घेत नाही आणि दिवाळीला साडी आणली तर रागावता, म्हणून हे पत्र. ते सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही मला सांगितलेल्या गोष्टींतल्या निम्म्या गोष्टी बायका सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत. त्या सांगितल्या गेल्या पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

धाकट्याच्या जन्मानंतर मी पुन्हा कामावर रुजू झाले, तेव्हा भेटेल तो एकच सल्ला द्यायचा, "स्वतःसाठी वेळ काढ." आई म्हणाली, मैत्रिणी म्हणाल्या, ऑफिसमधल्या साहेबांनीही सांगून टाकलं. तुम्ही मात्र जिन्यात थांबवून विचारलंत, "अगं, सकाळी उठल्यापासून काय काय करतेस ते सांग बघू." आणि कॅलेंडरच्या फाटलेल्या पानामागे लिहायला बसलात. पाण्याची वेळ, दोन डबे, थोरलीची वेणी, धाकट्याचं दूध, रिक्षाची रांग, डोंबिवलीहून फास्ट लोकल, सीएसएमटीपर्यंत बहुतेक उभ्यानेच प्रवास, ऑफिस, परतीच्या गाडीत मेथी निवडणं, मग अभ्यास, जेवणं, ओटा. पान भरलं. ते वाचून तुम्ही म्हणालात, "यात व्यायामाला जागाच नाही. आधी जागा करू, मग व्यायामाचं बघू."

बाई, मी तुमची सर्वांत जास्त ऋणी आहे ती या वाक्यासाठी. माझ्या थकव्याला आळस किंवा मनाचा कमकुवतपणा न म्हणणारं कुणीतरी पहिल्यांदाच भेटलं होतं.

त्या रविवारी तुम्ही चहाला आलात ते पान घेऊनच. ह्यांच्यासमोर आणि सासूबाईंसमोर ठेवलंत, आणि कुणालाही दोष न देता विचारलंत, "यातलं कोण काय उचलणार?" वर एक आकडाही सांगितलात, तो मी नंतर स्वतः शोधून वाचला. सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला 289 मिनिटं जातात, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची 88. ह्यांना ते लागलं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, सकाळी मुलांचं सगळं मी बघतो. दप्तर, आंघोळ, वॉटर बॅग, स्कूल व्हॅन, सगळं. रात्रीचा ओटाही त्यांच्याकडे गेला. पहिले काही दिवस भांडी मी घासते तशी निघत नव्हती, आणि तुम्ही मला ती पुन्हा घासू दिली नाहीत.

जागा झाली, तरी व्यायाम सुरू केला नाहीत. "आधी रक्त तपासून घे." हिमोग्लोबिन साडेनऊच्या आसपास निघालं. बाईमाणसाचं 12 च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, हे तेव्हा कळलं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांना तो आढळला होता. म्हणजे आमच्या लेडीज डब्यात उभ्या असलेल्या निम्म्याहून अधिक जणी दम लागतो तो वयामुळे असं समजून चालल्या असतील. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि तुम्ही त्या घ्यायच्या कशा ते शिकवलंत. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, दूध किंवा कॅल्शियमची गोळी सोबत नको, लिंबूपाणी चालेल. दोन-तीन महिन्यांनी स्टेशनचा ठाकुर्लीच्या बाजूचा जिना चढताना मध्ये थांबावं लागलं नाही. तेव्हा अजून एक बैठकही मारली नव्हती.

तुमचं माहेर औंधचं. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळाशाळांतून सूर्यनमस्कार रुजवले, आणि तुमची आई ते तिथल्याच शाळेत शिकली, हे तुम्ही किती अभिमानाने सांगता! तरी मला पहिल्या दिवशी नमस्कार घालू दिले नाहीत. सतरंजीवर उताणं झोपवलंत, गुडघे वाकवून मान उचलायला लावलीत आणि बेंबीच्या वर बोटं ठेवून पोटाचे स्नायू चाचपलेत. गरोदरपणात ते मधोमध फाकतात आणि काही जणींचे नंतरही पुरते जवळ येत नाहीत. माझ्या पोटात दोन बोटांपेक्षा जास्त फट होती. मोबाइलवर बघून मी पोट कमी करायला उताणं झोपून धड उचलायचे जे सिट-अप्ससारखे व्यायाम करणार होते, त्यांनी पोट मधूनच फुगून बाहेर आलं असतं. तुम्ही नुसता श्वास सोडत पोट आत घ्यायला शिकवलंत. कितीतरी आठवडे तेवढंच.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे पत्र उघड लिहितेय. शिंकलं की, खोकलं की, गाडी पकडायला धावलं की लघवीचे थेंब गळायचे. मी वर्षभर पॅड लावून ऑफिसला जात होते आणि नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. ऑफिसला पोचेपर्यंत तहान मारायची, म्हणजे प्रवासात अडचण नको. तुम्ही पाणी पिण्यावरून ओळखलंत. सरळ विचारलंत, "शिंकताना गळतं का गं?" मी रडले, आणि तुम्ही अगदी शाळेत कवायत समजावल्यासारखं समजावलंत की बाळंतपणानंतर कितीतरी जणींना हे होतं, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात, आणि स्नायू म्हटला की त्याला व्यायाम आहे. लघवी आणि वायू दोन्ही रोखताना आवळतो तसं आवळायचं, काही सेकंद धरायचं, पूर्ण सोडायचं. दर वेळी निदान आठदा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. श्वास कोंडायचा नाही, मांड्या आणि पार्श्वभाग घट्ट करायचा नाही, आणि प्रत्यक्ष लघवी करताना हा सराव करायचा नाही. काहींचे हे स्नायू आधीच आवळलेले असतात, त्यांना हा व्यायाम उलटा पडतो, म्हणून आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे आणि मग फिजिओथेरपिस्टकडे पाठवलंत. पहिल्या वेळी स्वतः सोबत आलात, बाहेरच्या बाकावर बसून राहिलात.

मी हे डोंबिवली ते घाटकोपर उभी राहून करते. शेजारणीला पत्ताही लागत नाही. पॅड कधीच सुटलं.

गच्चीवरचे व्यायाम तर कुणालाही जमतील असे. हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, कमरेतून वाकून बादली उचलणं, रबरी पट्टा ओढणं. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचा व्यायाम आणि दीडशे मिनिटं जरा दम लागेल असं चालणं, हे जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण तुम्ही सांगितलंत तेव्हा माझा चेहरा पडला होता. मग तुम्हीच सांगितलंत की सलग दहा मिनिटं तरी हवीत ही जुनी अट 2020 च्या सूचनांत काढून टाकली आहे. म्हणजे स्टेशनचा पूल, ऑफिसचे चार मजले, मुलाला बागेत नेताना भरभर चालणं, सगळं जमेत. माझ्यासारखीला ही केवढी मोठी सूट आहे! आजवर कुणी सांगितलीच नव्हती.

जेवणाबद्दल तुम्ही फक्त एवढंच विचारलंत की मी कधी आणि काय जेवते. सगळ्यांचं झाल्यावर, मुलांच्या ताटातलं उरलेलं आणि पातेल्याच्या तळाचं. तुम्ही डाएटचा कागद दिला नाहीत. आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, प्रमाण सांगितलंत, वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे माझ्या साठ किलोला पन्नास ग्रॅमच्या आसपास. मग डब्यात पातळ वरणाऐवजी मटकीची उसळ आली, पर्समध्ये फुटाणे आले, सकाळी एक अंडं आलं. आणि सासूबाईंना तुम्ही सांगितलंत की हिचं ताट आपल्याबरोबरच वाढायचं. त्या स्वतः आयुष्यभर शेवटी जेवल्या आहेत. आता आम्ही दोघी एकदम बसतो.

मनाचं दुखणंही तुम्ही वेगळं काढलं नाहीत. चार मोजत श्वास घ्यायचा आणि सहा मोजत सोडायचा, त्याने छातीतली धडधड खाली येते, हे गर्दीत फार उपयोगी पडलं. पण मी रात्री तीनला उठून बसते हे कळल्यावर तुम्ही श्वासावर भागवलं नाहीत. "हे माझ्या आवाक्यातलं नाही," म्हणालात आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लिहून दिलात. फुकट, चोवीस तास. मी फोन केला. मराठीत बोलता आलं. पुढे डॉक्टरांकडेही गेले. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही हे इतक्या स्वच्छपणे सांगणारं माणूस मला त्याआधी भेटलं नव्हतं, आणि म्हणून तुमच्या बाकी प्रत्येक शब्दावर माझा विश्वास बसला.

अजूनही माझे दिवस धावपळीचेच आहेत. परीक्षा आल्या, कुणी आजारी पडलं की गच्ची चुकते. पण आता ह्यांनाच ते आधी कळतं आणि "तू जा वर, मी बघतो" म्हणतात.

परवा बी विंगमधली नवी मुलगी लिफ्टमध्ये भेटली, कडेवर पाच महिन्यांचं बाळ. मी तिला शिंकेचं विचारलं. ती आधी लाजली, मग दुसऱ्या मजल्यावर माझ्याबरोबरच उतरली आणि बराच वेळ बोलत राहिली. शनिवारी ती वर येणार आहे, रक्ताचा रिपोर्ट घेऊन. तिच्या पोटाची फट तुम्हीच बघा, माझ्या बोटांना अजून तुमच्याएवढा अंदाज नाही. बाळाला तोवर सासूबाई सांभाळतील, तसं त्यांनी कबूल केलंय.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची